सातव्या पट्ट्यावरची घोडी

१

चोरी झाली होती यात वाद नव्हता. वाद होता तो मालाबद्दल, कारण हा माल ना पेटीत ठेवता येतो, ना पोत्यात भरता येतो. तांबडी नावाच्या घोडीच्या अंगातला वेग गेला होता. महिन्याच्या सुरुवातीला होता, महिनाअखेरीस नव्हता. जणू कुणीतरी रात्रीतून दार न उघडता काढून नेला.

शर्यतीच्या वर्तमानपत्रात धावलेल्या प्रत्येक घोड्यापुढे वेगाचा एक आकडा छापून येतो. सुरुवातीच्या शर्यतीत तांबडीपुढे छापला अठ्ठ्याण्णव. अख्ख्या मोसमात कुणाला एवढा पडला नव्हता. शर्यती भरवणाऱ्या मंडळानं लगेच तिच्या पाठीवर सगळ्यांत जास्त ओझं चढवलं. वेगवान घोड्याला जड वजन, मंद घोड्याला हलकं, म्हणजे सगळे एका रेषेत येतात, असा या धंद्यातला न्याय. पुढच्या शर्यतीत तांबडी पाचवी आली. ओझ्याची सूट धरूनसुद्धा आकडा निघाला ब्याऐंशी.

घोडी काही जबाब देत नाही. मग मंडळाचं बोट गेलं तिच्या पाठीवर बसलेल्या मुलीकडे. मुद्दाम लगाम ओढून धरलास, आकडा पाडलास, म्हणजे पुढच्या खेपेला ओझं हलकं होईल आणि तुम्ही बाजी माराल. उद्या दुपारी सुनावणी. आरोप टिकला तर परवाना जन्माचा रद्द.

ही मुलगी भोंग्याची भाची.

भोंगा म्हणजे शर्यतीचा निवृत्त समालोचक. ध्वनिवर्धक बिघडला तरी त्याचं काम अडलं नाही म्हणून हे नाव पडलं. त्याच्या एका आरोळीनं हरलेला घोडा लाजून माघारी फिरला आणि पुन्हा पहिल्यापासून धावला, असं तो शपथेवर सांगे. फक्त दर खेपेला त्या घोड्याचा रंग बदले. निवृत्त झाल्यापासून आवाजाला काम उरलं नाही, ते सगळं पायांत उतरलं होतं. माणूस खुर्चीत टेकला की खुर्चीलाच खाज सुटायची.

आताही तो भाचीच्या स्वयंपाकघरात ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. भाची बुटांना पॉलिश करत होती. तेच बूट, तिसऱ्यांदा.

"मामा, बस ना एका जागी. मला गरगरायला लागलंय."

"तू आधी ते बूट ठेव. चामडं संपेल. खरं सांग, ओढलास का लगाम?"

"ओढला असता तर तुला सांगितलं असतं. तुझा मार खाल्ला असता, पण सांगितलं असतं."

"मग सुरुवातीच्या शर्यतीत काय खाल्लं होतं तिनं? पंख फुटले होते?"

"तेच तर!" भाचीनं बूट आपटला. "सगळे म्हणतात, वळणावर मी तिला सातव्या पट्ट्यावरून नेली, केवढी जमीन वाया घालवली, तरी दुसरी आली. मामा, माझ्या आत दोनच घोडे होते. दोन! मी सातव्यावर पोचले कशी?"

इथं जरा थांबून पट्ट्यांचं सांगायला हवं. मैदानावरचं गवत एकदा जाताना आणि एकदा येताना कापलं की त्यावर फिके-गडद पट्टे उठतात, धावपट्टीच्या लांबीनं, वळणासकट. आतल्या कठड्याला लागून पहिला पट्टा, मग दुसरा, मग तिसरा. आणि दोघं जण हातात हात घालून कोपऱ्यावर वळले की बाहेरच्याला जास्त चालावं लागतं, हे ज्याचं लग्न झालंय त्याला सांगायला नको. घोड्यांचंही तेच. जितका पट्टा बाहेरचा, तितकी जास्त जमीन. घड्याळाला हे कळत नाही. म्हणून आकडा काढणारा माणूस बाहेरून वळलेल्या घोड्याला त्या जास्तीच्या जमिनीचे गुण वरून देतो.

भोंगा खिडकीशी थबकला. "आत दोन घोडे, म्हणजे तू फार तर तिसऱ्या-चौथ्यावर."

"मी हेच मंडळाला सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, आरोपीनं घोडे मोजायचे नसतात."

भोंग्यानं चपला पायात सरकवल्या. त्याच वेळी फोन वाजला. भाचीनं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तांबडीचे ट्रेनर होते. म्हणाले, मामाला पाठव. तबेल्यात कुणीतरी विष घालतंय."

२

ट्रेनर हा मितभाषी माणूस. त्याच्या बायकोनं म्हणे साखरपुड्यात त्याचं एक वाक्य ऐकलं होतं आणि दुसऱ्याची वाट बघत संसार केला. पण आज तो तबेल्याच्या दारातच बोलत सुटला.

"भोंगाभाऊ, एकटी तांबडी नाही. माझा काळा घोडा, तिच्या अठ्ठ्याण्णवच्याच दिवशी धावलेला, नव्वदच्या वर आकडा. त्यानंतर बघा, मातीत गेला. चारा बदलला, पाणी बदललं, मोतद्दार बदलला. रात्री स्वतः इथं पेंढ्यावर झोपतो. काही उपयोग नाही."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"घोडे ठणठणीत आहेत म्हणतो. तोही मिळालेला असेल."

भोंगा एका कप्प्यापुढून दुसऱ्या कप्प्यापुढे फिरत होता. तांबडीनं मान बाहेर काढून त्याच्या खिशाचा वास घेतला. डोळे स्वच्छ, कातडी तुकतुकीत. ही आजारी असेल तर भोंगा पैलवान.

"त्या दिवशी तुझे किती धावले?"

"तीन. तिसरा हा भुरा. याला काही झालं नाही. तेव्हा जेवढा आकडा होता, आजही तेवढाच."

"भुऱ्याचं दाणापाणी वेगळं?"

"एकाच पोत्यातलं."

"अस्सं. आणि शेजारच्या तबेल्यातले?"

ट्रेनरनं मान खाजवली. "त्यांचा एक बिघडलाय. एक बरा आहे. मला आधी वाटलं, तेच घालतात विष. पण स्वतःच्या घोड्याला कोण घालेल?"

भोंगा कप्प्याच्या फळीवर बोटं वाजवायला लागला. घोडेही अस्वस्थ झाले. त्यानं डोळे मिटले. बारीकसारीक कामं तो विसरायचा, बायकोनं सांगितलेलं दळण तर हमखास, पण शर्यत नाही. त्या दिवशी तो प्रेक्षकांत बसून सवयीनं समालोचन करत होता, आणि शेजारचे चार जण जागा बदलून गेले होते.

"काळा बाहेरून वळला होता," तो पुटपुटला. "भुरा कठड्याला चिकटून. शेजाऱ्याचा बिघडलेला घोडा?"

"बाहेरून. पार बाहेरून."

"आणि बरा राहिलेला?"

ट्रेनरचं तोंड उघडंच राहिलं. "आतून."

"मग मला एक सांग, हा तुझा विष घालणारा कोण एवढा शौकीन? घोडा वळणावर कुठून वळला हे बघून घालतो होय रे?"

३

आकडेमास्तराची कचेरी वर्तमानपत्राच्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर होती. जिना असा खडा, की तक्रार घेऊन निघालेला माणूस वर पोचेपर्यंत क्षमाशील होई. भोंगा दोन-दोन पायऱ्या चढला आणि दारात पोचला तेव्हा त्याला बोलता येईना. मास्तराला हे दृश्य फार आवडलं.

"वा! भोंगा बंद! पेढे वाटायला हवेत."

दोघं तरुणपणापासूनचे दोस्त, म्हणजे एकमेकांना पाण्यात बघायचे. भोंगा म्हणे, शर्यत कानांनी कळते. मास्तर म्हणे, आकड्यांनी. बाकीचे आकडेवाले पडद्यावर बघून, आत किती घोडे आहेत ते मोजत आणि त्यावरून जमीन ठरवत. मास्तर त्यांना हसायचा. घोडा अंतर सोडून धावतो, मधेच फाकतो, त्याचा काय भरवसा? मास्तर गवताचे पट्टे मोजायचा.

"घोडे थापा मारतात," तो आताही म्हणाला. "तुझ्यासारख्या. गवत थापा मारत नाही. तुझी भाची सातव्या पट्ट्यावर होती. ये, दाखवतो."

त्यानं चित्रफीत लावली. वळणावरचा कॅमेरा घोड्यांकडे तोंड करून होता. तांबडी समोरून येत होती. मास्तरानं फीत थांबवली आणि पेन्सिलीचं टोक पडद्यावर ठेवून कठड्यापासून मोजायला लागला. खरंच, तांबडीचा बाहेरचा पाय सातव्या पट्ट्यावर होता. आणि तिच्या आत घोडे दोनच.

"बघ. आता पुढची शर्यत, जिच्यात हिनं लगाम खेचला. कठड्याला चिकटून आहे. जमिनीचे गुण शून्य."

भोंगा टेबलाच्या या बाजूनं त्या बाजूला गेला. पुन्हा आला. मास्तर वैतागला.

"अरे, गिरणीचा पट्टा आहेस का? उभा राहा!"

"परत लाव. सुरुवातीची. थांबव. आता पुढची लाव. थांबव." भोंगा पडद्याला नाक लावून उभा. "मास्तर, या तीन आठवड्यांत तांबडी रोडावली का?"

"कशावरून?"

"पुढच्या शर्यतीत तिचं अंग अर्ध्या पट्ट्यात मावतंय. आधीच्या शर्यतीत जवळजवळ अख्खा पट्टा व्यापतंय."

"कॅमेरा कधी जवळ ओढतात, कधी लांब. घोडी मोठी-लहान दिसायचीच."

"घोडी मोठी दिसली तर पट्टाही मोठा दिसायला नको?"

मास्तराची पेन्सिल हवेत राहिली. भोंगा जिन्यावरून धडधडत खाली निघालासुद्धा होता.

४

धावपट्टीची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंना सगळे मैदानबाई म्हणत. गवताचं एक पातं वाकडं उगवलं तर त्याला त्या नोटीस देतील असा दरारा. भोंगा वळणावर पोचला तेव्हा बाई कठड्याला रंग देणाऱ्या माणसाला झापत होत्या. ऊन चढत होतं. वाऱ्यानं कठड्याबाहेरच्या झेंड्या फडफडत होत्या आणि त्या फडफडीनं भोंग्याचे पाय आणखीच वळवळत होते.

तो कठड्याखालून वाकून आत शिरला आणि पहिल्या पट्ट्यावर आडवा झाला. सरळ, लांब, पाय ताणून.

"अहो! झोपायला जागा नाही का घरी?"

"बाई, तुमचा पट्टा माझ्याएवढा आहे. टाळूपासून टाचेपर्यंत. नेहमी एवढाच असतो?"

"नेहमीच. एकच यंत्र आहे, एवढंच कापतं."

"महिन्याच्या सुरुवातीलाही?"

"सांगितलं ना, एकच यंत्र." बाईंनी रंगाच्या डब्याकडे बघितलं. "उठा आता. गवत दबतंय."

माणूस खोटं बोलताना भिंतीकडे बघतो, इथं भिंत नव्हती म्हणून डबा. रंगवाला मात्र ब्रश थांबवून हसला.

"बाई, तेव्हा तर ते छोटं यंत्र होतं की. बागेतलं. माळी केवढा बोंबलत होता, एवढ्याशा यंत्रानं एवढी धावपट्टी कापायची म्हणजे नखानं शेत नांगरायचं."

"तू रंग दे!" बाई कडाडल्या.

भोंगा उठून बसला. गवत झटकलं नाही. "मोठं यंत्र कुठं होतं, बाई?"

बाईंचा दरारा क्षणात उन्हात विरघळला. "धाकट्या जावेच्या मुलीचं लग्न होतं हो. मांडवाची जागा नुसती रान झालेली. जाऊ म्हणाली, एवढं मोठं मैदान सांभाळता आणि घरच्या कार्याला एक यंत्र देववत नाही? सासूबाईंसमोर म्हणाली. काय करणार? चार दिवसांसाठी नेलं, आणि तिथं त्याचं पातं दगडावर बसलं. दुरुस्त होऊन येईपर्यंत ती एक शर्यतीची दुपार छोट्या यंत्रावर काढली. भोंगाभाऊ, मंडळाला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"तुमचं यंत्र कुणाच्या मांडवात नाचलं ते मला नको. त्या दुपारी पट्टे अर्ध्या रुंदीचे होते, एवढंच पुरे. पण ते मला दाखवता यायला हवं, नुसतं बोलून माझं कोण ऐकणार?"

"तुमचं कधीच कुणी ऐकलं नाही," बाई म्हणाल्या, "फक्त ऐकू यायचं."

भोंग्याला राग यायला हवा होता. पण तो आतल्या कठड्याकडून बाहेरच्या कठड्याकडे बघत राहिला होता. धावपट्टी तेवढीच्या तेवढी. तिची रुंदी काही यंत्राबरोबर बदलत नाही.

५

"आरपार मोज," पुन्हा तो जिना चढून आलेला भोंगा मास्तराला म्हणाला. "कठड्यापासून घोडीपर्यंत नाही. आतल्या कठड्यापासून बाहेरच्या कठड्यापर्यंत. दोन्ही चित्रफितींत."

मास्तरानं मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं. धावपट्टी तीच, कठडे तेच. पण सुरुवातीच्या शर्यतीत पट्टे मोजून दुप्पट भरले.

मास्तरानं पेन्सिल खाली ठेवली. भोंग्याला गप्प बसणं जमत नाही, म्हणून सगळं त्यानंच बोलून टाकलं.

"त्या दुपारी मोठं यंत्र बिघडलं होतं, गवत छोट्या यंत्रानं कापलेलं. तुझा सातवा पट्टा म्हणजे रोजचा चौथा. पोरगी म्हणत होती तेच. जमिनीचे गुण तू दुप्पट दिलेस. त्या दुपारी जे जे बाहेरून वळले त्या सगळ्यांना दिलेस. आतून वळलेल्यांना मुळात द्यायचेच नव्हते, म्हणून त्यांचे आकडे खरे निघाले. विष नाही, लगाम नाही. घोडी जेवढी होती तेवढीच आहे. उद्या ये आणि एवढं सांग."

"नाही."

"काय नाही?"

"भोंग्या, लोक माझा आकडा बघून घोडा विकत घेतात, विकतात. मंडळ माझा आकडा बघून वजनं चढवतं. एकदा म्हटलं की चुकला, तर उद्या प्रत्येक हरलेला ट्रेनर या जिन्यावर उभा. बाकीचे आकडेवाले काय म्हणतील? घोडे मोजणाऱ्यांना मी गाढव म्हणत आलो, आणि बरोबर तेच निघाले!"

"माझ्या बहिणीची पोर आहे ती, मास्तर. तिला दुसरं काही येत नाही. तुला दुसरं काही येतं का, मला येतं का?"

"चित्रफीत घेऊन जा तू. तूच दाखव."

"मी? मी घोड्याला लाजवून परत पळवल्याचं सांगणारा माणूस. मी दाखवलं तर ते म्हणतील, भोंग्यानं गवतपण रंगवून आणलं. आकडा तुझा आहे. तुझ्याच तोंडून जायला हवा."

मास्तरानं दार उघडून धरलं. भोंगा बाहेर पडल्यावर ते इतक्या जोरात लागलं, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी शर्यत सुटली का म्हणून विचारलं.

६

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे मंडळाचे तिघं, मधे अध्यक्ष. अलीकडे एक खुर्ची, तिच्यावर भाची. तिनं आज बूट घातले होते आणि त्यांत छत दिसत होतं. भोंग्याला भिंतीशी उभं राहायची परवानगी मिळाली, बोलायची नाही. चित्रफीत खिशात होती, आणि खिशातला हात स्वस्थ नव्हता. मास्तराची जागा रिकामी.

"अठ्ठ्याण्णवची घोडी," अध्यक्ष म्हणाले, "ओझं धरूनही ब्याऐंशीवर येते. सोळा गुण हवेत विरले. तुमचं म्हणणं?"

"माझं म्हणणं तेच आहे, साहेब. मी तिला पूर्ण पळवली. होतं तेवढं तिनं दिलं."

"मग आकडा खोटा?"

भाचीनं मामाकडे बघितलं. भोंग्याचे ओठ उघडले, अध्यक्षांनी पेन उगारलं, ओठ मिटले. सगळं आयुष्य ज्यानं दुसऱ्यांच्या शर्यती ओरडून सांगितल्या, त्याला घरच्या शर्यतीत गप्प उभं राहावं लागत होतं. त्याच्या टाचा खालीवर होत होत्या.

दार उघडलं. मास्तर आत आला. दाढी केलेली नव्हती आणि सदरा कालचाच होता.

"आकडा खोटा," तो दारातूनच म्हणाला.

मग तो भाचीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं. अर्ध्या रुंदीचे पट्टे, आरपार मोजणी, बाहेरून वळलेले सगळे घोडे, आतून वळलेले सगळे घोडे. यंत्र कुठं गेलं होतं ते अध्यक्षांनी विचारलं. मास्तर म्हणाला, यंत्र बिघडलं होतं. ते खोटंही नव्हतं.

"तुम्ही म्हणता गवत थापा मारत नाही," एक सदस्य कुजकटपणे म्हणाला.

"मारली नाहीच. मीच त्याला न विचारता त्याचं माप धरून चाललो." मास्तरानं घसा साफ केला. "मी त्या दुपारचे सगळे आकडे पुन्हा काढले. तांबडीचा खरा आकडा अठ्ठ्याण्णव नाही, एक्क्याऐंशी आहे. पुढच्या शर्यतीतला ब्याऐंशी बरोबर आहे. म्हणजे जिथं हिनं लगाम ओढला असं तुम्ही म्हणता, तिथं घोडी एका गुणानं जास्तच पळाली."

तिघं एकमेकांकडे झुकले. कुजबुज झाली. अध्यक्षांनी कागद बाजूला सारला.

"आरोप मागे घेण्यात येतो. परवाना कायम. तुम्ही जाऊ शकता."

भोंगा भिंत सोडून पुढे धावला. पण भाची उठली नाही.

"मामा, थांब." तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "साहेब, परवाची शर्यत. तांबडीला वजन किती लावलंय?"

"ठरलेलं आहे. जाहीरही झालंय. तिचा सर्वोच्च आकडा धरून..." अध्यक्ष थांबले.

"कुठला सर्वोच्च?"

अध्यक्षांनी बाजूला सारलेला कागद पुन्हा पुढे ओढला.

"मी सुटले," भाची म्हणाली. "पण तुम्हा सगळ्यांची चूक अजून घोडीच्या पाठीवर बसलीय. ती उतरवा. तोवर मी या खुर्चीतून उठत नाही."

मास्तरानं आपली रिकामी राहिलेली खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. भोंग्यानं तिसरी शोधली. अध्यक्षांनी एकदा घड्याळाकडे, एकदा दाराकडे आणि शेवटी त्या तिघांकडे बघितलं, आणि शिपायाला वजनांचा तक्ता आणायला पाठवलं.